फेअरवेच्या मध्ये उभे असलेले एकटे झाड: ठेवावे की तोडावे?

आपण विचारले आहे की गोल्फच्या मैदानावर फेअरवेच्या (नीट कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या) मध्ये किंवा वळणावर एखादे एकटे झाड ठेवणे ही चांगली रचना मानावी की रचनाकाराचा आळस, आणि चांगला मारलेला फटकाही अशा झाडामुळे वाया जात असेल तर ते काढून टाकणे योग्य ठरेल का. माझे उत्तर सरळ आहे. झाड त्या होलच्या, म्हणजे पहिल्या फटक्यापासून खळग्यापर्यंतच्या पट्ट्याच्या, आधीपासून तिथे उभे असेल, त्याला चुकवून जाण्याचे दोन खरे रस्ते असतील आणि त्यांपैकी अवघड रस्त्याने गेलेल्या खेळाडूला पुढच्या फटक्यात काही लाभ मिळत असेल, तर ते झाड कोणत्याही बंकरपेक्षा, म्हणजे वाळूच्या खड्ड्यापेक्षा, चांगला अडथळा आहे. ते तोडा असे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचे वैर झाडाशी नसून स्वतःच्या स्लाइसशी, म्हणजे वळून बाजूला भरकटणाऱ्या फटक्याशी, असते.

बंकर, पाणी आणि रफ (कडेचे वाढलेले गवत) हे अडथळे चेंडू खाली उतरल्यावर हिशेब मागतात. झाड चेंडू हवेत असतानाच आडवे येते, त्यामुळे टीवर, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागी, उभ्या असलेल्या माणसाला अंतर आणि दिशा यांच्या जोडीला उंची आणि वळण यांचाही विचार करावा लागतो. शिवाय झाडाची शिक्षा ठरावीक नसते. खोडापासून साठ यार्ड मागे राहिलेला खेळाडू चेंडू उंच उडवणारा क्लब (गोल्फची काठी) घेऊन शेंड्यावरून जाऊ शकतो, वीस यार्डांवर असलेल्याला बाजूलाच खेळावे लागते आणि फांद्यांच्या पलीकडे पोचलेल्याला काहीच त्रास होत नाही. एकाच वस्तूने इतक्या वेगवेगळ्या परिस्थिती निर्माण कराव्यात, हे वाळूच्या खड्ड्याला जमत नाही.

या बाबतीत सगळ्यांना माहीत असलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल या गोल्फ क्लबच्या सतराव्या होलवरचे आयझेनहॉवर झाड. लॉब्लॉली पाइन जातीचे, सुमारे ६५ फूट उंच, तिथे होणाऱ्या मास्टर्स स्पर्धेच्या टीपासून साधारण २१० यार्डांवर आणि फेअरवेच्या डाव्या बाजूस. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर हे क्लबचे सदस्य होते आणि त्यांचा चेंडू या झाडावर इतक्या वेळा आदळे की १९५६ च्या बैठकीत त्यांनी ते तोडण्याची सूचना मांडली. अध्यक्ष क्लिफर्ड रॉबर्ट्स यांनी ती नियमबाह्य ठरवली आणि बैठकच संपवली, अशी हकिगत सांगितली जाते. देशाच्या प्रमुखाला जे मिळाले नाही ते क्लबांच्या समित्या आज हात वर करून सहज देऊन टाकतात, याचे मला नेहमी नवल वाटते. पुढे फेब्रुवारी २०१४ मध्ये बर्फाच्या वादळाने झाडाची मोडतोड झाली आणि क्लबला ते काढावे लागले.

या झाडाबद्दल एक आक्षेप मात्र खरा आहे. व्यावसायिक खेळाडूचा ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबने, मारलेला चेंडू शंभर फुटांच्या आसपास चढतो, म्हणजे त्यांच्यातील बहुतेक जण ते झाड ओलांडून जात. ते अडवत असे क्लबच्या सदस्याला, ज्याचा चेंडू त्याच्या बराच खालून जातो. झाडाचा अडथळा दुबळ्याला जास्त आणि बलवानाला कमी जाचतो, आणि आपल्या प्रश्नामागे हीच तक्रार असावी. तिचे उत्तर मॅकेन्झी यांनी देऊन ठेवले आहे. पेशाने डॉक्टर असलेल्या आणि पुढे बॉबी जोन्स यांच्याबरोबर ऑगस्टाची आखणी केलेल्या ॲलिस्टर मॅकेन्झी यांनी १९२० मध्येच असे मांडले होते की, एखादा फटका किंवा त्याचा काही भाग गमावण्याची तयारी असेल तर कमकुवत खेळाडूसाठी दुसरा रस्ता नेहमी मोकळा असला पाहिजे. झाड अन्यायकारक आहे की नाही, हे झाडाकडे बघून ठरत नाही. त्याच्या शेजारी किती मोकळी जागा सोडली आहे ते बघून ठरते.

हे मी इतक्या आग्रहाने का लिहितो आहे, ते सांगतो. मी अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो आणि येथील एका लहान क्लबाच्या ग्रीन्स समितीवर (मैदानाची व्यवस्था पाहणाऱ्या समितीवर) मी काही वर्षे काम केले आहे. आमच्या चौदाव्या होलवर, जो डावीकडे वळणारा पार चारचा (चार फटक्यांत पूर्ण होणे अपेक्षित असलेला) होल आहे, एक जुना बर ओक उभा आहे. मैदान होण्यापूर्वी तिथे शेत होते आणि हा ओक त्या शेताच्या कडेचा, म्हणजे मैदानापेक्षा वयाने मोठा. सदस्यांच्या टीपासून तो साधारण १७० यार्डांवर, फेअरवेच्या मध्यापासून थोडा डावीकडे आहे. त्याच्या डाव्या अंगाला ओढ्यापर्यंत अरुंद पट्टी आहे आणि उजवीकडे ऐसपैस मैदान. ग्रीन, म्हणजे खळग्याभोवतीचे बारीक कापलेले गवत, तिरके आखलेले असून डाव्या बाजूने उघडे आहे. उजवीकडून येणाऱ्याला समोरचा बंकर ओलांडून, आणि तोही लांबच्या क्लबने, चेंडू थांबवावा लागतो. म्हणजे ओक आणि ओढा यांच्यामधून जाण्याचे धाडस केले तर पुढचा फटका आखूड आणि सोपा, आणि उजवीकडून सुरक्षित गेले तर पार मिळवणे कष्टाचे, पण पाच फटक्यांत कोणीही होल पूर्ण करील. कोणा अनामिक रचनाकाराने एका झाडाच्या आणि ग्रीनच्या कोनाच्या बळावर हे साधले होते, कारण तिथे मोठा उंचवटा नाही आणि फेअरवेत एकही बंकर नाही.

आमच्या समितीत एक डॉक्टर होते, आमच्याच महाराष्ट्र मंडळातले, हाताला यश असलेले शल्यचिकित्सक आणि एरवी माझे चांगले स्नेही. त्यांचा चेंडू डावीकडून निघून उजवीकडे वळतो. ओकच्या डावीकडून जावे तर तो वळून नेमका फांद्यांत शिरतो आणि उजवीकडून जावे तर आणखी उजवीकडे रफमध्ये जातो. यावर उपाय सोपा होता, तो म्हणजे ड्रायव्हर पिशवीत ठेवून हायब्रिड या कमी अंतराच्या क्लबने ओकच्या अलीकडे खेळणे. पण डॉक्टरांना टीवर ड्रायव्हरखेरीज दुसरे काही हातात धरणे कमीपणाचे वाटत असे. मी त्यांना एकदा म्हणालोही की, अहो डॉक्टर, तुम्ही रुग्णाला पथ्य सांगता, स्वतः मात्र काही पाळत नाही. ते हसले, पण पुढच्या बैठकीत त्यांनी ओक तोडण्याचा प्रस्ताव आणला.

त्यांचा मुख्य आधार होता ओकमाँट. पिट्सबर्गजवळचे ते १९०३ चे मैदान मुळात उघडेबोडके होते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सुशोभीकरणाच्या नावाखाली तिथे झाडे लावण्यात आली आणि १९९० च्या दशकात, सदस्य यायच्या आत पहाटे पहाटे, ती तोडायला सुरुवात झाली. २००७ ची यू. एस. ओपन ही स्पर्धा तिथे झाली तोपर्यंत हजारो झाडे गेली होती आणि मैदान अधिक चांगले झाले होते, हे मलाही मान्य आहे. पण ओकमाँटवरून एकट्या ओकचा निकाल लावणे हा चुकीचा तर्क आहे. ओकमाँटची झाडे मागाहून रांगेने लावलेली होती आणि त्यांनी मूळ आखणीतले रस्ते बंद केले होते. आमचा ओक मूळ आखणीचा भाग होता. एका ठिकाणी झाडे काढल्याने खेळाडूचे पर्याय वाढले, दुसऱ्या ठिकाणी झाड काढल्याने ते कमी होणार होते, कारण ओक गेल्यावर प्रत्येक जण डावीकडेच मारील आणि उजवीकडच्या अर्ध्या फेअरवेला काही कामच राहणार नाही.

दुसरा मुद्दा नशिबाचा. झाड म्हणजे नव्वद टक्के हवा, असे गोल्फर थट्टेने म्हणतात. एकाचा चेंडू पानांतून आरपार जातो आणि दुसऱ्याचा फांदीवर आपटून ओढ्यात पडतो, हा न्याय कसला, असा डॉक्टरांचा सवाल होता. ज्याला नशीब नको आहे त्याने झाडावरून मारू नये, इतकेच माझे म्हणणे होते आणि आजही आहे. उजवीकडच्या मोकळ्या जागेत नशिबाचा काहीही संबंध नव्हता.

वृक्षतज्ज्ञ बोलावण्यात आला. त्याने झाड निरोगी असल्याचे सांगितले आणि छाटणी करायचीच असेल तर ती हिवाळ्यात करा, वसंतात ताज्या जखमांवर येणारे किडे ओकच्या मर रोगाची बुरशी पसरवतात, असे बजावले. मैदानाची निगा राखणाऱ्या आमच्या सुपरिंटेंडेंटनेही सांगितले की सावली ग्रीनपर्यंत पोचत नसल्यामुळे गवताच्या दृष्टीने त्याची काही तक्रार नाही. प्रस्ताव फेटाळला गेला. त्यानंतर तडजोड म्हणून जे घडले ते तोडण्याहून वाईट होते. खालच्या फांद्या उतरवण्यात आल्या, त्यामुळे झाडामागे अडकलेला चेंडू आता खालून सरपटत काढता येतो. आणि दिवंगत सदस्यांच्या स्मरणार्थ, पितळी पाट्यांसह, मेपलची रोपे लावण्यात आली. ती कुठे लावावीत? नेमकी उजवीकडच्या मोकळ्या जागेत, ओळीने. या सूचनेचे जनकही डॉक्टरच होते. होलला समतोल येईल, असे त्यांचे म्हणणे. आता ती झाडे चांगली वाढली आहेत, सुरक्षित रस्ता बंद झाला आहे आणि ज्या होलवर निर्णय घ्यावा लागत असे तिथे आता फक्त दोन झाडोऱ्यांच्या मधून सरळ मारावे लागते. स्मरणार्थ लावलेले झाड तोडा असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? त्यांतल्या एका पाटीवरचे गृहस्थ माझ्याबरोबर खेळत असत आणि त्यांना तो ओक फार प्रिय होता.

लावलेल्या झाडाचे डावपेच किती तकलादू असतात, याचा नमुना आमच्याच राज्यात आहे. टोलीडो येथील इन्व्हर्नेस क्लबवर १९७९ च्या यू. एस. ओपनमध्ये लॉन हिंकल या खेळाडूने पहिल्या दिवशी आठव्या होलच्या टीवरून शेजारच्या सतराव्या फेअरवेत चेंडू मारून अंतर वाचवले. आयोजकांनी रातोरात एक स्प्रूस आणून ती फट बुजवली आणि दुसऱ्या दिवशी हिंकलने पुन्हा तोच जवळचा रस्ता धरला. ते झाड त्याच्या नावाने प्रसिद्ध झाले, पण आखणीत राहिलेली चूक झाकण्यासाठी उभी केलेली ती ताटी होती आणि तिला डावपेच म्हणणे मला पटत नाही.

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे वळायचे तर, निर्णय घेण्यापूर्वी टीवर उभे राहू नका. ग्रीनवर जा आणि तिथून मागे बघा. कोणत्या बाजूने येणाऱ्याला ग्रीन सोपे जाते ते पाहा आणि झाड त्या बाजूच्या वाटेवर आहे का ते तपासा. असेल तर ते काम करते आहे. ग्रीन सगळ्या बाजूंनी सारखेच असेल तर झाड नुसती अडचण आहे, आणि अशा वेळी झाडाऐवजी ग्रीनची आखणी बदलण्याचा विचार करावा. पण तो खर्च कोणालाच नको असतो.

काही सावधगिरीच्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगतो. झाडाची सकाळची सावली ग्रीनवर किंवा टीवर पडत असेल तर गवत विरळ होते आणि मग माझे सगळे युक्तिवाद बाजूला ठेवून सुपरिंटेंडेंटचे ऐकावे. झाड मरते, हेही लक्षात ठेवावे. डच एल्म रोग अमेरिकेत प्रथम १९३० मध्ये ओहायोतच सापडला आणि ॲशची झाडे पोखरणारा हिरवा भुंगेरा आमच्याकडे २००३ पासून आहे, तेव्हा एकाच झाडावर बेतलेला होल किती असुरक्षित असतो हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. पेबल बीचच्या अठराव्या ग्रीनजवळचा पाइन गेला तेव्हा त्यांनी पूर्ण वाढलेला सायप्रस आणून उभा केला, पण त्यांच्याकडे पैसा आहे. आपल्याकडे नसेल तर वारस झाड आजच, जुन्याच्या जवळ आणि रस्ता न अडवता, लावून ठेवावे. उंच एकट्या झाडावर वीज पडते, म्हणून त्यावर तांब्याची वीजवाहक तार बसवून घ्यावी, आणि तार बसवली तरी वादळात त्याच्या आडोशाला कोणी थांबू नये. झाडाखाली पाय वाकडा ठेवून शौर्य दाखवू नये. २०११ च्या मास्टर्समध्ये टायगर वुड्स यांनी त्याच आयझेनहॉवर झाडाखालून खेळताना डावा गुडघा आणि घोट्यामागचा स्नायुबंध दुखावून घेतला होता. न खेळता येणाऱ्या जागेचा नियम एका दंडात माणसाला बाहेर काढतो, त्यात लाज कसली?

आपले मैदान महाराष्ट्रातील शहरी हद्दीत असेल तर समितीच्या ठरावाने काहीही होत नाही. १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे, त्यामुळे बहुधा आपला प्रश्न तिथेच मिटेल. आणि समितीत कोणी प्रियजनांच्या स्मरणार्थ झाडे लावण्याचा प्रस्ताव आणला तर त्यांना क्लबहाउसच्या व्हरांड्यासाठी बाक दान करण्याची विनंती करा. पितळी पाटी त्यावरही बसते.