प्रोटॉनचे वस्तुमान संगणकावर कसे निघते?

प्रश्न : प्रोटॉनमध्ये तीन क्वार्क असतात. त्यांच्या वस्तुमानांची बेरीज केली की झाले. महासंगणक कशाला?

बेरीज करून बघा. दोन अप क्वार्क प्रत्येकी सुमारे २.२ आणि एक डाउन क्वार्क सुमारे ४.७ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा (कणांचे वस्तुमान याच एककात सांगतात), म्हणजे एकूण नऊच्या आसपास. प्रोटॉन आहे ९३८ चा! उरलेले जवळजवळ सगळे येते ते ग्लुऑनच्या, म्हणजे क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या कणांच्या, क्षेत्राच्या आणि आत कोंडलेल्या क्वार्कच्या धावपळीच्या ऊर्जेतून. ती कागदावर काढता येत नाही. कागदावर असे उत्तर लहान-लहान होत जाणाऱ्या पदांची मालिका बेरजेला घेऊन काढतात; पण प्रोटॉनएवढ्या अंतरावर क्वार्कना बांधणारे बल इतके तीव्र असते की मालिकेतले पुढचे पद आधीच्यापेक्षा लहान होतच नाही, मग थांबायचे कुठे?

प्रश्न : मग संगणकात नेमके काय घालतात?

१९७४ मध्ये केनेथ विल्सन यांनी अवकाश आणि काळ मिळून एक चौमितीय जाळे मांडले. क्वार्क गाठींवर, ग्लुऑन गाठी जोडणाऱ्या धाग्यांवर. ६४ × ६४ × ६४ × १२८ चे जाळे घेतले तर गाठी होतात ३ कोटी ३५ लाख, धागे त्याच्या चौपट, आणि दर धाग्यावर संमिश्र संख्यांचे एक ३ × ३ मॅट्रिक्स. इतक्या चलांचे संकलन (इंटिग्रेशन) सरळ होणे अशक्य. म्हणून मोंटे कार्लो पद्धतीने, म्हणजे यादृच्छिक निवडीने, धाग्यांवरच्या मॅट्रिक्सच्या ज्यांची शक्यता जास्त अशा काहीशे ते काही हजार मांडण्या निवडून त्यांची सरासरी घेतात.

प्रश्न : त्या सरासरीत वस्तुमान कुठे दिसते?

मला या विषयात सर्वांत आवडते ते हेच. या गणितात काळ काल्पनिक (√−१ च्या पटीतली संख्या) धरतात, त्यामुळे कणाची लहर हेलकावे न घेता विझत जाते. कण जितका जड, तितकी ती लवकर विझते. जाळ्यावर एके ठिकाणी प्रोटॉन निर्माण करायचा, काही पावले पुढे नष्ट करायचा आणि दोन टोकांमधला संबंध मोजायचा. गाठींमधले अंतर ०.१ फेम्टोमीटर (एक फेम्टोमीटर म्हणजे मीटरचा एक पद्मांश, १०⁻¹⁵ मीटर) असेल, तर संकेत दर पावलाला आधीच्या सुमारे ६२ टक्क्यांवर येतो. वस्तुमान मिळते ते याच गुणोत्तरातून.

दर पावलाला मिळणारे वस्तुमान आलेखावर मांडले, की मात्र ते इतके सरळ नसते. सुरुवातीच्या बिंदूंत प्रोटॉनची जड, उत्तेजित भावंडे मिसळलेली असतात, म्हणून आकडा चढा दिसतो. ती विझली की बिंदू आडव्या ओळीत बसतात. आणखी पुढे संकेतापेक्षा सांख्यिकीय गोंगाट मोठा होतो आणि बिंदू सैरभैर होतात. मधल्या त्या छोट्या पठारावर सगळे उत्तर उभे असते. पठार सुरू झाले असे घाईने ठरवले की वस्तुमान फुगते. कुठलाही शोधनिबंध हाती आला की मी आधी तो आलेख उघडतो.

प्रश्न : प्रोटॉनचे वस्तुमान आधीच माहीत आहे. मग याला भाकीत का म्हणायचे?

शंका रास्त आहे. बुडापेस्ट-मार्सेय-वुपर्टाल गटाने २००८ मध्ये पायॉन, केऑन आणि क्साय या तीन कणांची वस्तुमाने बाहेरून घेतली. प्रोटॉनसकट बाकीच्या हलक्या कणांची गणितातून आली आणि प्रयोगाशी काही टक्क्यांत जुळली. पण मला जास्त मोलाचे वाटते ते बी-सी मेसॉनचे (बॉटम आणि चार्म या जड जातींचा एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क मिळून बनलेल्या कणाचे) उदाहरण. तो १९९८ मध्ये सापडला होता, पण त्याचे वस्तुमान अगदीच ढोबळ माहीत होते. जाळ्यावरच्या गणिताने ६३०४ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट हा आकडा अचूक मोजमापाच्या आधी जाहीर केला. मग अमेरिकेतल्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेतील सीडीएफ प्रयोगाने मोजले, सुमारे ६२८६.

प्रश्न : अवकाश तर जाळीदार नाही. उत्तर चुकणार नाही का?

एका जाळ्यावर चुकतेच. म्हणून कमी-कमी अंतराची अनेक जाळी घेऊन, अंतर शून्याकडे नेले तर आकडा कुठे जातो ते पाहतात.

प्रश्न : न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्याचे गणितही असेच होईल?

आज तरी नाही. तिथल्या घनतेत मांडण्यांना द्यायची वजने धन राहत नाहीत, संमिश्र होतात. मोंटे कार्लोला तर संभाव्यता लागते.