घरातल्या झाडांची पाने सुरक्षितपणे कशी पुसावीत? स्प्रे किंवा खोबरेल तेल लावावे का?

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: विजय नगरमधल्या आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये रबर प्लांट, मनी प्लांट आणि स्नेक प्लांट आहेत; त्यांच्या पानांवर धूळ बसून ती निस्तेज दिसतात; ओल्या फडक्याने पुसली तर वाळल्यावर पांढरे डाग उमटतात; नर्सरीवाल्याने चमक आणणारा स्प्रे सुचवला आहे, सासूबाई खोबरेल तेलाचा हात फिरवायला सांगतात, आणि घरात रांगते बाळ असल्यामुळे काय वापरावे हे ठरत नाही. मीही इंदूरचाच, रामबागेत राहणारा, आणि घरात बऱ्याच कुंड्या असल्यामुळे इथली धूळ आणि इथले पाणी या दोन्हींशी रोजचा संबंध आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझे स्पष्ट मत असे आहे की स्प्रे आणू नये आणि तेलही लावू नये. मऊ फडके आणि योग्य पाणी एवढ्यावर आपले काम होईल. आपले पांढरे डाग हे पाण्यातल्या क्षारांचे आहेत, त्यामुळे फडके बदलून किंवा जास्त जोर लावून ते जाणार नाहीत. पाणी बदलले की नवे डाग पडायचे थांबतील.

रबर प्लांटच्या पानाला जी चमक असते ती त्याच्या त्वचेवरच्या मेणासारख्या पातळ थरामुळे असते. पानातले पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड हा थर स्वतःच तयार करते, आणि धूळ नीट निघाली की तोच थर पुन्हा उजेडात येतो. बाजारातल्या स्प्रेमध्ये साधारणपणे तेल, मेण किंवा सिलिकॉन असते, म्हणजे एका थरावर आपण दुसरा थर चढवतो. पान ज्या सूक्ष्म छिद्रांतून हवा घेते ती पर्णरंध्रे रबर प्लांटमध्ये फक्त पानाच्या खालच्या बाजूला असतात, त्यामुळे वरून थोडा स्प्रे पडला म्हणून ते झाड लगेच गुदमरणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण स्नेक प्लांटसारख्या उभ्या पानांच्या झाडात ती दोन्ही बाजूंना असतात, आणि हाताने तेल चोळताना ते खालच्या बाजूला लागल्याशिवाय राहत नाही. त्याहून मोठी अडचण धुळीची आहे. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे कोरडा वारा सुटला की तेलकट पानावर धूळ नुसती बसत नाही, ती चिकटते, आणि मग साध्या पाण्याने निघत नाही. खोबरेल तेल तर साधारण 24 अंशांखाली थिजते, त्यामुळे इंदूरच्या थंडीत पानावर त्याचा पांढुरका लेप दिसू लागतो. शिवाय तेलाचे पान खिडकीतल्या कडक उन्हात राहिले तर ते भाजून तपकिरी डाग पडण्याचा धोका असतो.

दुधाचा किंवा केळाच्या सालीचा उपाय आपल्याला कोणी ना कोणी सांगेलच. दुधातली चरबी आणि प्रथिने वाळून एक पातळ पापुद्रा बनतो, त्याने चमक आल्यासारखी वाटते, पण त्यावर वास आणि बुरशी यांना वाव मिळतो. केळाच्या सालीने पान साखरेमुळे चिकट होते आणि मुंग्या लागतात. दोन्ही टाळलेले बरे.

आता पाण्याविषयी, कारण इंदूरमध्ये खरा प्रश्न इथे आहे. माळव्याच्या काळ्या बेसॉल्ट खडकातून येणाऱ्या बोरिंगच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जाते आणि क्षार पानावर राहतात, तोच आपला पांढरा डाग. बादलीच्या कडेला आणि नळाच्या तोंडाशी जे पांढरे कीट धरते तेच हे. नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे 70 किलोमीटर पंपाने आणले जाते आणि ते बोरिंगच्या पाण्यापेक्षा बहुधा सौम्य असते, परंतु अनेक इमारतींत दोन्ही पाणी एकाच टाकीत जाते, म्हणून आपल्या नळाला नेमके कोणते पाणी येते याची चौकशी सोसायटीत अवश्य करावी. पाने पुसण्यासाठी आरओचे गाळलेले पाणी उत्तम. त्या यंत्राच्या दुसऱ्या नळीतून बाहेर पडणारे पाणी मात्र अजिबात घेऊ नये, कारण गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात जमा होतात. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतली वाफ थंड होऊन बनलेले असते, त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे तेही पुसायला चालते. पावसाळ्यात पहिल्या एक-दोन सरी वाहून जाऊ दिल्यावर धरलेले पावसाचे पाणी मला सगळ्यांत चांगले वाटते.

पाणी खोलीच्या तापमानाचे हवे. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणारे पाणी हाताला चटका बसेल इतके तापलेले असते, आणि जानेवारीच्या सकाळी तेच बर्फासारखे असते. या दोन्ही वेळी पाणी बादलीत भरून काही तास घरात ठेवावे.

जुने डाग काढायचे असतील तर एक लिटर आरओच्या पाण्यात एक चहाचा चमचा लिंबाचा गाळलेला रस किंवा पांढरा व्हिनेगर मिसळावा, त्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने डागावरून हलकेच फिरवावे आणि लगेच साध्या पाण्याच्या फडक्याने ते पान पुसून घ्यावे. आधी एकाच पानावर करून एक-दोन दिवस थांबावे. रस जास्त घातला म्हणजे डाग लवकर जाईल असे समजू नये. आम्लाने पानाचा तो मेणाचा थरच खराब होतो.

प्रत्यक्ष पुसताना पहिले काम कोरड्याचे. मऊ ब्रशने, म्हणजे मेकअपच्या किंवा चित्रकलेच्या रुंद ब्रशने, सैल धूळ आधी झटकून घ्यावी. रंगपंचमीच्या गेरीनंतर, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीनंतर, राजवाड्याच्या आसपासच्या घरांत गुलाल खिडक्यांतून आत येतो, आणि दिवाळीआधी भिंतीची पुट्टी घासली की तिची पूड सगळ्या घरभर पसरते; अशा वेळी पानावर थेट ओले फडके लावले तर रंग आणि पूड यांचा चिखल होऊन तो शिरांत बसतो, आणि पुट्टीचे बारीक कण पान खरवडतात.

त्यानंतर जुन्या मलमलीचे किंवा धुऊन धुऊन मऊ झालेल्या बनियनचे फडके घ्यावे. डावा तळहात पानाखाली आधाराला ठेवावा आणि उजव्या हाताने देठाकडून टोकाकडे, मधल्या शिरेच्या एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने, एकाच दिशेने फडके न्यावे. टोकाकडून देठाकडे ओढले तर पान देठाशी मोडते, आणि रबर प्लांटच्या मोडलेल्या जागेतून लगेच पांढरा चीक येतो. मग पान किंचित उचलून खालची बाजू पुसावी. मधली शीर तिथे उंच आलेली असते आणि तिच्या दोन्ही अंगांना धूळ आणि किडे दोन्ही लपतात. प्रत्येक पानानंतर फडक्याची घडी बदलावी आणि पाणी करडे झाले की टाकून द्यावे. शेंड्याला तांबड्या, टोकदार आवरणात गुंडाळलेले नवे पान असेल तर त्याला हात लावू नये, आवरण ओढून काढू नये. ते आपोआप गळते, आणि आतले पान कडक व्हायला वेळ लागतो.

मनी प्लांटची पाने एकेक पुसत बसण्यापेक्षा कुंडीच्या मातीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून झाड बाथरूममध्ये न्यावे आणि हलक्या शॉवरखाली दोन्ही बाजूंनी धुवावे, अर्थात नळाला बोरिंगचे पाणी येत नसेल तर. येत असेल तर शेवटी आरओच्या पाण्याचा फवारा देऊन पाणी निथळू द्यावे. स्नेक प्लांटच्या पानांच्या बुंध्याशी जी खोबण असते तिथे पाणी साचू देऊ नये, कारण तिथूनच ते कुजते. ही कामे सकाळी करावीत म्हणजे संध्याकाळपर्यंत पाने कोरडी होतात, आणि ती ओली असताना झाड उन्हात ठेवू नये.

पुढे आणखी झाडे घ्याल म्हणून सांगून ठेवतो: आफ्रिकन व्हायोलेटसारख्या लव असलेल्या पानांना ओले फडके लावू नये, फक्त कोरडा ब्रश फिरवावा. एचेव्हेरियासारख्या मांसल पानांवर जी पांढरी भुकटी दिसते ती धूळ नसून पानाचे स्वतःचे मेण असते. एकदा बोटाने पुसली की त्या पानावर ती पुन्हा येत नाही. नेच्याला नुसता पाण्याचा हलका फवारा पुरे.

साबण नेहमी लागत नाही. स्वयंपाकघराजवळच्या झाडांवर फोडणीच्या धुराचा तेलकट थर बसतो, तेवढ्यापुरते एक लिटर पाण्यात सौम्य लिक्विड सोपचे दोन-चार थेंब घालावेत आणि नंतर साध्या पाण्याने पान नक्की पुसावे. कपड्यांचा डिटर्जंट वापरू नये. पान हाताला चिकट लागत असेल तर मात्र धुळीपलीकडे पाहावे. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पानातला रस शोषून गोड चिकट द्रव सोडतात आणि पुढे त्यावर काळी बुरशी धरते. तसेच उन्हाळ्यात पानावर बारीक फिकट ठिपके दिसू लागले आणि पुसूनही पान फिकेच राहिले, तर पानाखाली पांढरा कागद धरून पानावर टिचकी मारावी. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर ते कोळी कीड म्हणतात ते पानातला रस शोषणारे सूक्ष्म जीव आहेत. कोरड्या हवेत आणि धुळीत त्यांची वाढ झपाट्याने होते. असे झाड इतरांपासून दूर ठेवावे आणि त्याचे फडके दुसऱ्या झाडाला लावू नये.

किती दिवसांनी पुसावे याचे उत्तर ऋतूवर आहे. पानावर बोट फिरवून रेघ उमटली की पुसावे. मे महिन्यात ही वेळ आठवड्यातच येईल, ऑगस्टमध्ये महिना निघून जाईल. स्वच्छ करूनही रबर प्लांट मलूल दिसत असेल तर त्याला खिडकीजवळ हलवावे, उजेड कमी पडत असण्याचीच शक्यता जास्त असते.

बाळाविषयी शेवटी लिहितो आहे, पण ते सर्वांत महत्त्वाचे आहे. मनी प्लांटच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, पान चावले गेले तर तोंडात आग होते आणि सूज येते. रबर प्लांटचा चीक त्वचेला आणि डोळ्यांना झोंबतो. स्नेक प्लांटचे पानही पोटात गेले तर उलटी होऊ शकते. म्हणून मनी प्लांट बाळाचा हात पोहोचणार नाही इतका उंच टांगावा, खाली लोंबणारे वेल छाटावेत, आणि बाळ झोपलेले असताना पुसण्याचे काम उरकावे. गळलेले किंवा तुटलेले पान जमिनीवर राहू देऊ नये, पाण्याची बादली लगेच रिकामी करावी आणि बाळाला घेण्याआधी हात साबणाने धुवावेत. स्प्रे नको असण्याचे हेही एक कारण आहे की त्याचे तुषार फरशीवर पडून ती गुळगुळीत होते, आणि बाळ त्याच फरशीवर रांगते.