1971 च्या हिशेबाची वसुली आता? त्या संमतीपत्रावर सही करू नका

प्रश्न : मी भूदलातला निवृत्त मेजर, वय ऐंशीच्या घरात. डिसेंबर 1971 मध्ये जम्मूतल्या छांब आघाडीवर पलटणीच्या इंप्रेस्टची, म्हणजे किरकोळ खर्चासाठी आगाऊ दिलेली, रोकड माझ्या ताब्यात होती. मनावर तवी नदीच्या अलीकडे माघार घेताना पावत्या जाळाव्या लागल्या. आता पेन्शनचा फरक मिळायच्या वेळी लेखा कार्यालयाचं पत्र आलं : 8,640 रुपयांचा हिशेब बाकी, व्याजासह कापून घेऊ. सोबत संमतीपत्र आहे. मित्र म्हणतात, ‘रफिक मसीह’ निकालामुळे वसुली होऊच शकत नाही. माझ्याकडे फक्त खिशातली तेव्हाची वही आहे.

उत्तर : मेजरसाहेब, आधी ते संमतीपत्र बाजूला ठेवा. ‘वरील रक्कम मला मान्य आहे’ या ओळीखाली सही केलीत, तर करार कायद्याचं कलम 25(3) तुमच्याविरुद्ध उभं राहील. मुदत उलटून गेलेलं देणंसुद्धा लेखी कबुलीने देऊ केलं, की तो नवा, बंधनकारक करार होतो. आज तुमची बाजू भक्कम आहे, ती एका सहीने घालवू नका.

भक्कम अशासाठी की, मुदत कायद्याच्या अनुच्छेद 112 प्रमाणे केंद्र सरकारलाही दाव्यासाठी 30 वर्षंच मिळतात. 1972 पासून मोजली तरी ती 2002 मध्येच संपली. पण मुदत संपली की दावा बुडतो, देणं बुडत नाही. म्हणून तर ते कोर्टात न जाता फरकातून कापायला निघालेत.

मित्रांचा सल्ला अर्धाच बरोबर आहे. रफिक मसीह प्रकरणात (डिसेंबर 2014) सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तांकडून वसुलीला मनाई केली ती सरकारच्या चुकीने जास्त दिल्या गेलेल्या पगाराची. तुमच्यावर आरोप हिशेब न दिल्याचा आहे, त्यामुळे सगळा भार त्या निकालावर टाकू नका. जितेंद्रकुमार श्रीवास्तव (2013) हा निकाल जास्त उपयोगी : पेन्शन ही मालमत्ता आहे, कायद्याच्या आधाराशिवाय ती रोखता येत नाही. म्हणजे कोणत्या नियमाने कापता, हे त्यांनी दाखवायचं. व्याजाचंही तसंच. नियम किंवा करार नसेल, तर व्याज आलं कुठून?

लेखा कार्यालयाला पाठवायच्या उत्तरात, म्हणजे तुमच्या निवेदनात, हेच विचारा, आणि सुनावणीशिवाय कपात करू नये असं स्पष्ट लिहा. त्याच दिवशी माहिती अधिकारात अर्ज टाका. अधिकाऱ्यांच्या पगाराचं खाते, म्हणजे आय.आर.एल.ए., पुण्यात गोळीबार मैदानाजवळच्या रक्षा लेखा प्रधान नियंत्रक (अधिकारी) कार्यालयात असतं. त्यातली ती नोंद, तिच्यामागचा कागद आणि 1972 नंतर तुम्हाला पाठवलेल्या मागणीपत्रांच्या प्रती मागा. पन्नास वर्षांत एकही मागणीपत्र गेलं नसेल, तर तेच तुमच्या बाजूने बोलेल. पावत्या नष्ट झाल्याची कोर्ट ऑफ इन्क्वायरी (लष्करी चौकशी) झाली होती का, हेही विचारा. घटना 20 वर्षांहून जुनी असल्याने कलम 8(3) मुळे माहिती नाकारायची बहुतेक कारणं उरत नाहीत. देशाच्या सुरक्षेचं कारण मात्र राहतं.

आता वही. खेचरवाल्यांची मजुरी, रॉकेल, हमाल असं पेन्सिलने टिपलेलं असेल, तर ती जीर्ण वही लाखमोलाची आहे. तिच्यावर आज काही लिहू नका, पुसट अक्षर गिरवू नका. प्रत्येक पानाचा फोटो घ्या आणि पावत्या कधी, कोणाच्या हुकमाने जाळल्या, याचं प्रतिज्ञापत्र करा. त्या वेळचे सुभेदार, क्लार्क, कोणी हयात असतील तर त्यांचंही घ्या, याच महिन्यात. अशा प्रकरणात सरकारला वेळच वेळ असतो. साक्षीदारांना नसतो.

तुमच्या निवेदनाला लेखा कार्यालयाचं उत्तर नकारात्मक आलं, तर त्या तारखेपासून सहा महिन्यांत सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जा. उत्तरच आलं नाही, तर निवेदनानंतर सहा महिने थांबून पुढच्या सहा महिन्यांत. निवृत्तांना राहत्या ठिकाणच्या खंडपीठात अर्ज करता येतो. तुम्ही महाराष्ट्रात राहत असाल तर मुंबईत. कपात सुरू झाली असेल, तर मूळ अर्जासोबतच अंतरिम स्थगितीही मागा.