टॅक्स वाढवला की दरी कमी होते का?

प्रश्न : मी बुटीबोरीला एका कंपनीत सुपरवायझर आहे. भाचा डेन्मार्कला असतो, तो म्हणतो तिकडे श्रीमंतांकडून भरपूर टॅक्स घेतात म्हणून गरीब-श्रीमंत फरक कमी आहे. आपल्याकडे तसं केलं तर जमेल का?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : भाऊ, भाचा अर्धीच गोष्ट सांगतोय. डेन्मार्कात टॅक्स भरपूर आहे हे खरंच, पण तिथं कायद्यानं ठरवलेलं किमान वेतनच नाही, युनियन आणि मालक बसून मजुरीचे दर ठरवतात, त्यामुळे टॅक्स कापायच्या आधीच झाडूवाला आणि साहेब यांच्यातलं अंतर अमेरिकेपेक्षा कमी असतं. ब्लँशे, शान्सेल आणि गेथिन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी 2022 मध्ये हाच हिशेब मांडला : युरोप अमेरिकेपेक्षा जास्त समान आहे तो मुख्यतः टॅक्सआधीच्या कमाईमुळे, उलट राष्ट्रीय उत्पन्नातला जास्त हिस्सा गरिबांकडे वळवते ती अमेरिकाच! मला स्वतःला हे वाचून धक्काच बसला होता.

आता काही तक्त्यांत याच्या उलट दिसेल, कारण तिथं पेन्शन ही सरकारी मदत धरतात, मग रिटायर्ड माणसाची टॅक्सआधीची कमाई जवळपास शून्य दिसते आणि सगळं श्रेय टॅक्सला जातं. म्हणून आकडा बघितला की पेन्शन कुठं धरली ते आधी बघायचं. आयर्लंड मात्र वेगळा, तिथं मूळ कमाईतच मोठी दरी आहे आणि टॅक्स आणि भत्ते ती बरीच बुजवतात.

आपल्याकडे 2022-23 मध्ये वरच्या 1 टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नातले 22.6 टक्के गेले, असा वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब या विषमतेवर अभ्यास करणाऱ्या संस्थेचा अंदाज आहे. इन्कम टॅक्स भरणारे थोडे, आणि मोबाईल रिचार्जवरचा 18 टक्के जीएसटी मात्र हमालालाही तेवढाच.

पण टॅक्स बिनकामाचा असं अजिबात नाही. तुमच्या सॅलरी स्लिपवर दर महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये प्रोफेशनल टॅक्स कटतो ना, तो 1975 च्या कायद्यानं महाराष्ट्रानं लावला तो रोजगार हमीसाठी, म्हणजे शहरातल्या पगारदाराचा पैसा गावातल्या बाईच्या हातात मजुरी म्हणून गेला, आणि हमीचं काम मिळतं म्हटल्यावर शेतमालकाशी मजुरीचं बोलायला तिला थोडा जोर आला. टॅक्स असा मजुरीपर्यंत पोचला तर दरी कमी होते, नुसता रेट वाढवून नाही. तुमच्या लाईनवर ठेकेदाराची पोरं असतीलच, त्यांना आणि पर्मनंटवाल्यांना एकाच कामाचे किती पडतात ते एकदा बघून कळवा, पुढच्या अंकात त्यावरच बोलू.