डॉक्टर म्हणाले गुडघा बरा आहे, मग ही खेळत का नाही?

समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या सुरांत येतो. कुणी काळजीने विचारतं, कुणी वैतागून. ‘नाटक करतेय का हो ही?’ असंही एका आईने विचारलं होतं, आणि विचारताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिच्या मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगी नववीतली, गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली, शाळेच्या खो-खो संघात. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी सरावात हुलकावणी देताना पाऊल जमिनीत रोवलेलं राहिलं, अंग मात्र वळलं आणि डाव्या गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला निखळली. वाटी जवळजवळ नेहमी बाहेरच सरकते आणि ही इजा सगळ्यात जास्त होते ती याच वयात. पाय सरळ करताना वाटी आपसूक जागेवर आली. इस्पितळात एक्स-रे, मग एमआरआय झाला. वाटीला आतल्या बाजूने धरून ठेवणारा अस्थिबंध फाटला होता, पण हाडाचा किंवा कूर्चेचा (हाडावरच्या गुळगुळीत आवरणाचा) तुकडा सुटलेला नव्हता. पहिल्याच वेळी तुकडा सुटला नसेल तर सहसा शस्त्रक्रिया करत नाहीत. काही आठवडे ब्रेस, मग फिजिओथेरपी. चवथीला बहिणी फुगड्या घालत होत्या आणि ही खुर्चीवर बसून होती.

दिवाळीनंतर ती माझ्याकडे आली तेव्हा सूज उतरली होती, गुडघा पूर्ण वाकत होता. तरी जिना उतरताना ती एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत होती. बालरथची, म्हणजे शाळेच्या बसची, शेवटची पायरी उंच असते, तिथे ती मैत्रिणीचा हात धरल्याशिवाय उतरत नव्हती. मैदानाकडे तर फिरकतच नव्हती.

तिने मला एकच वाक्य सांगितलं, ‘टीचर, पाय मध्येच सुटल्यासारखा वाटतो.’

अशा वाक्यावर ‘मनातली भीती आहे, जाईल’ असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. गुडघ्यात सूज असली की मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा इशाराच कमी होतो आणि स्नायू झपाट्याने बारीक होतो. सूज गेल्यावरही ताकद लगेच परतत नाही. म्हणून घरच्यांच्या परवानगीने मी तिच्या फिजिओथेरपिस्टशी बोलले. त्यांनी टेपने दोन्ही मांड्या मोजल्या, डावी दोन सेंटिमीटरने बारीक भरली. ताकद तपासली तर उजव्या पायाच्या जेमतेम सत्तर टक्के. म्हणजे मुलगी खोटं बोलत नव्हती. डॉक्टरांचंही बरोबरच होतं, जखम भरली होती. पण जखम भरणं वेगळं आणि हुलकावणी देण्याजोगा पाय तयार होणं वेगळं. या दोहोंमध्ये काही महिने जातात, आणि नेमक्या त्याच काळात घरात कुरबुर सुरू होते.

हा आकडा ऐकल्यावर तिचा चेहरा उजळला. कमी निघाला म्हणून वाईट वाटेल अशी माझी अटकळ होती, पण आपल्याला जे जाणवतंय ते खरं आहे एवढं कुणीतरी मान्य केलं, हेच तिला पुरे झालं. त्या आठवड्यापासून व्यायामाला टाळाटाळ थांबली. मांडी आवळून धरणं, पाय सरळ ठेवून उचलणं, कुशीवर झोपून पाय वर नेणं, मग अर्धी बैठक, मग पायरीवरून सावकाश उतरणं. कंबरेचे आणि नितंबाचे स्नायू कमजोर असले तर गुडघा आत वळतो आणि वाटी बाहेर ओढली जाते, म्हणून तेही व्यायाम सोबत होते. कंटाळवाणं काम आहे हे. पंधराव्या वर्षी तर फारच.

भीतीचं काम आम्ही समांतर सुरू केलं. भीतीची पायऱ्यांनी उतरंड तिनेच मांडली. कठड्याशिवाय जिना, बालरथची पायरी, पावसाने शेवाळलेलं चिऱ्यांचं अंगण, उकिडवं बसणं, धावताना वळणं आणि सगळ्यात वर हुलकावणी. वहीत आधी लिहायचं, ‘काय होईल असं वाटतं?’ करून झाल्यावर, ‘काय झालं?’ फिजिओथेरपिस्टने ज्याला होकार दिला तेवढंच त्या आठवड्यात करायचं, त्यापुढे नाही.

उकिडवं बसणं तिने बरंच वर ठेवलं होतं. खो-खोत पाठलाग करणाऱ्या मुली तशाच बसतात, आणि त्या बैठकीत वाटी सटकेल अशी तिची खात्री होती. फिजिओथेरपिस्टने तिला तिचीच बोटं वाटीवर ठेवायला सांगितली. पाय लांब करून सैल सोडला की वाटी थोडी इकडेतिकडे हलते. गुडघा वाकवत नेला की ती मांडीच्या हाडाच्या खोबणीत बसते आणि हलेनाशी होते. तिने हे स्वतः करून पाहिलं, पुन्हा पुन्हा. धोका असतो तो गुडघा थोडासाच वाकलेला, पाऊल टेकलेलं आणि अंग वळतंय अशा वेळी. ज्या बैठकीला ती इतकी घाबरत होती, तिथे वाटी घट्ट होती.

आईबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. ही माउली मुलीच्या मागून चालायची, नजर गुडघ्यावर, आणि प्रत्येक पायरीला ‘सांभाळून गं!’ मायेपोटीच. पण मुलीला दर पायरीला तेच ऐकू यायचं, की काहीतरी होणार आहे. मी आईला पुढे चालायला सांगितलं, मागे वळून न बघता. पहिल्या दिवशी त्यांना ते जमलं नाही. नंतर जमलं, आणि मुलगी दोन्ही पाय टेकवायची थांबली ती त्याच सुमारास.

शाळेतल्या खेळाच्या सरांनीही मदत केली. संघ सरावाला असताना ती कडेला स्वतःचे व्यायाम करायची, मग घड्याळ लावून वेळ मोजायची. मुलं महिनोन्महिने संघापासून तुटली की परतण्याची इच्छाच मावळते, हे मी वारंवार पाहते.

‘पुन्हा निखळेल का?’ हे तिने मला थेट विचारलं, आणि मी थेट सांगितलं. पहिल्यांदा निखळल्यावर साधारण तिघांपैकी एकाला पुन्हा होतं. खोबणी उथळ, वाटी उंचावर किंवा सांधे सैल असतील तर शक्यता वाढते. दुसऱ्यांदा झालं तर शस्त्रक्रियेचा विचार करतात आणि त्यानंतरही अनेक जण खेळतात. मुलांपासून हे लपवू नये, ती मोबाइलवर शोधतातच. त्यापेक्षा तसं झालंच तर काय करायचं, हे ठरवून ठेवावं. बसायचं, कुणाला पाय ओढू द्यायचा नाही, मालीश नाही, १०८ला फोन. पुन्हा सूज आली, गुडघा अडकू लागला किंवा पाय खरोखर लटपटला, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. व्यायामानंतरची थोडी ठणक दुसऱ्या दिवसापर्यंत उतरली तर घाबरायचं कारण नाही.

शिगम्याच्या सुमारास एका पायावरच्या उडीची चाचणी झाली. डावा पाय उजव्याच्या नव्वद टक्क्यांवर पोचला होता. अनेक मुलं तीन-चार महिन्यांत परततात, हिला त्याहून जास्त लागले. आधी ती फक्त पाठलागाला उतरली, मग पळतीला. खांबाजवळ सूर मारणं यंदा नको, हे तिनेच सरांना सांगितलं. आई विचारत होती, ‘आता व्यायाम बंद केले तर चालतील ना?’ नाही. खेळ चालू आहे तोवर आठवड्यातून दोन-तीनदा मांडीचे आणि कंबरेचे व्यायाम चालू ठेवायचे.