वाचकांचे प्रश्न : स्पॅनिश उपासनेला हॉल दिला, आता पुढे काय?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही मराठी ख्रिस्ती कुटुंब, टेक्सासमध्ये राहतो. आमच्या इंग्रजी चर्चने रविवारी दुपारी स्पॅनिश उपासनेसाठी हॉल दिलाय. मेक्सिको, होंडुरासची माणसं येतात, उपासना झाली की लगेच निघून जातात, आमच्यात मिसळत नाहीत. आता मंडळीत घाटतंय की त्यांच्या वस्तीत पत्रकं वाटून जोरात सुवार्ताकार्य करायचं. तुम्हाला काय वाटतं?
– एक वाचक

उत्तर : पत्रकं आत्ता नकोत, असं मला अगदी मनापासून वाटतं. ज्यांना सुवार्ता सांगायला निघालात त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरात ख्रिस्त तुमच्या आधीच पोचलाय. प्यू रिसर्च या अमेरिकन संशोधन संस्थेच्या 2022 च्या पाहणीत अमेरिकेतले 43 टक्के हिस्पॅनिक (म्हणजे मूळ स्पॅनिश भाषक देशांतल्या कुटुंबांतले) प्रौढ कॅथलिक निघाले, 21 टक्के प्रोटेस्टंट, आणि 30 टक्के म्हणाले आमचा कुठलाच धर्म नाही. 2010 मध्ये कॅथलिक 67 टक्के होते, म्हणजे गळती मोठी आहे, पण धर्म नाही म्हणणाऱ्यांत तरुण आणि अमेरिकेतच जन्मलेले जास्त आहेत, त्यांना स्पॅनिश पत्रक देऊन काय होणार?

खरा प्रश्न हॉलचा आहे. हॉल दिलात, पण चावी कोणाकडे, सकाळची वेळ कोणाला, पैसे कुठे खर्च करायचे ते कोण ठरवतं, आणि चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळात त्यांच्यातलं एक तरी माणूस आहे का? नसेल तर ते पाहुणे आहेत आणि पाहुणा काम झालं की निघतो. ही चूक भल्याभल्यांनी केलीय. तुमच्याच टेक्सासमध्ये मेक्सिकन कुटुंबं अमेरिका तिथे यायच्या आधीपासून राहतायत, तरी देशातला पहिला मेक्सिकन-अमेरिकन कॅथलिक बिशप झाला 1970 मध्ये, सॅन अँटोनियोचे पॅट्रिसिओ फ्लोरेस! उलट पेंटेकॉस्टल लोकांकडे, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंटांकडे बघा, 1906 मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर जी धार्मिक जागृतीची लाट (संजीवन) सुरू झाली तिच्यात मेक्सिकन मजूर पहिल्यापासून होते आणि त्यांच्यातलेच पुढे उपदेशक झाले, आठवडाभर कामावर आणि रविवारी व्यासपीठावर. माझ्या मते त्यांच्या मंडळ्या वाढल्या त्या यामुळे.

आणि लगेच निघून जाण्यामागे भीतीही असू शकते हो. चर्च, शाळा, हॉस्पिटलमध्ये इमिग्रेशनची कारवाई शक्यतो करायची नाही हा नियम सरकारने जानेवारी 2025 मध्ये काढून टाकला. त्याच जुलैमध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोचे बिशप अल्बर्टो रोहास यांना सांगावं लागलं की ज्यांना खरोखर भीती वाटते त्यांनी रविवारी मिसाला (कॅथलिक उपासनेला) आलं नाही तरी चालेल. बिशपवर अशी वेळ येते म्हणजे बघा काय अवस्था असेल. म्हणून कोणाकडे कागदपत्रं आहेत का ते विचारू नका, नाव-पत्त्याच्या याद्या करू नका, उपासनेचे फोटो फेसबुकवर टाकू नका. मदतीच्या ओढीने एखादे काका त्यांचे इमिग्रेशनचे फॉर्म भरायला बसतील तर त्यांनाही प्रेमाने थांबवा, एक चुकीचा फॉर्म माणसाला देशाबाहेर काढू शकतो. हे काम वकिलाचं, किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या संस्थेतल्या अधिकृत प्रतिनिधीचं. अशा माणसाला महिन्यातून एकदा चर्चमध्ये बसवता आलं आणि फी मंडळीने भरली तर ती मोठी सेवा होईल.

आता मिसळण्याचं. त्यांना तुमच्या कार्यक्रमाला बोलवण्याआधी तुम्ही त्यांच्याकडे जा. 16 ते 24 डिसेंबरला लॅटिन अमेरिकेतून आलेल्या बऱ्याच घरांत पोसादास असतो, योसेफ आणि मरिया आसरा शोधत दारोदार फिरले त्याची आठवण म्हणून लोक गात घरोघरी जातात. त्यांच्या पाळकांना विचारा आम्ही आलो तर चालेल का, चालेल म्हणाले तर मागे राहून चाला आणि नंतर खुर्च्या उचलायला थांबा. संडे स्कूल मात्र आत्ताच एकत्र करा, त्यांची पोरं बहुतेक इंग्रजीच बोलतात, फक्त शिकवणाऱ्यांत निम्मे त्यांच्यातले घ्या आणि धडे कुठले घ्यायचे ते त्यांच्यासोबत बसून ठरवा.