‘जिल्हा रत्नागिरी’वर विसंबू नका (मोरसला गेलेल्या पूर्वजांबद्दल)

पणजोबांचे थोरले भाऊ ‘मोरसला गेले ते गेलेच’, मोरिशसच्या (मोरस म्हणजे तेच), तिकडच्या उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेल्या मजुरांच्या नोंदवहीतल्या पानाचा फोटो हाती आलाय, त्यावर ‘जिल्हा रत्नागिरी’ आहे, गावाचं नाव धड लागत नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात चिपळूणला चाललाय. तुमची ही चार ओळींची पोस्ट वाचून माझ्या पोटात खड्डा पडला. नऊ वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं, आणि तेही चिपळुणातच. आधी ते तिकीट रद्द करा.

मी इतिहासकार नाही, विम्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला माणूस आहे. खाली आहे तो एका घराण्याच्या शोधाचा अनुभव, सगळ्यांना लागू पडेलच असं नाही.

नोंदवह्या मोरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत असतात वगैरे तुम्हाला ठाऊकच आहे, ते सोडतो. माझं पहिलं म्हणणं, नावामागे लागू नका, नंबर धरा. उतरलेल्या प्रत्येक मजुराला एक नंबर मिळायचा आणि तो मरेपर्यंत सुटायचा नाही. नावाचं मात्र काहीही व्हायचं. कारकुनाच्या कानाला आपली नावं परकी, त्यामुळे विठूचा ‘इटू’ आणि येसूचा ‘एसू’ झालेला मी पाहिलाय. शिवाय पुढच्या पिढीत बापाचं नाव हेच आडनाव होऊन बसतं. गावचं आडनाव तिकडे शोधत बसलात तर जन्म जाईल.

आमचा माणूस १८५०च्या दशकात मुंबईहून गेला. फोटो काढायला सुरुवात १८६०च्या दशकात झाली, म्हणून मी फोटोची आशाच सोडली होती. पण १८६७च्या कायद्यानंतर करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तेव्हा तुमचा त्या आधी गेला असला तरी विचारून बघा. जमिनीचे कागदही बघा. १८८०नंतर मळेवाल्यांनी कडेकडेचे तुकडे विकायला काढले आणि हे गिरमिटिये (करारावर गेलेले मजूर) मालक झाले. आमच्याने दोन आर्पां घेतल्या (तिथलं माप, एकराहून किंचित मोठं). इंग्रजांनी बेट १८१०मध्ये घेतलं तरी कायदा फ्रेंचांचाच ठेवला, त्यामुळे खरेदीखत फ्रेंचमध्ये. पण खरेदीदाराच्या नावापुढे तोच नंबर, आणि बापाचं नावही पूर्ण. मला बापाचं नाव तिथे कळलं, नोंदवहीत त्या जागी शाईचा डाग होता.

आता माझा गाढवपणा. नोंदवहीत जिल्हा, त्याखालचा विभाग आणि गाव असे रकाने होते. जिल्हा रत्नागिरी. गावाच्या नावाची कोकणात निदान तीन गावं. आणि मधल्या रकान्यात वेलांट्या घातलेलं काहीतरी, जे मी जोर लावून ‘विजिडरूग’ असं वाचलं. म्हटलं, विजयदुर्ग! हा गडी विजयदुर्गाच्या बंदरातून गलबताने मुंबईला गेला असणार. झालं, रकाना निकालात. गाव मी चिपळुणाकडचं धरलं, कारण मोरिशसचे आमचे भाऊबंद जाखडी नाचतात (तिकडे ‘झाकरी’ म्हणतात) आणि जाखडी म्हटलं की मला गुहागर-चिपळूणच दिसतं. पुरावा म्हणून हा किती पोकळ आहे ते आज कळतं.

मग दोन वर्षं एका कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. कुठली ते लिहीत नाही, आणि चिपळूणच असं समजूही नका. पहिल्या खेपेला साहेब मीटिंगला. दुसऱ्या खेपेला ‘अर्ज आवकला टाका’. तिसऱ्या खेपेला अर्ज आवक रजिस्टरात सापडेना, पोच दाखवली तर म्हणे शिक्का जुना आहे. चौथ्यांदा कपाट उघडलं, कसर लागलेला एक मोडी गठ्ठा टेबलावर आपटला आणि ‘बघा तुमचं तुम्ही’. मी मोडी शिकलेलो नव्हतो. वाचणारा गाठला, दिवसाचे पैसे मोजले, आणि त्याने संध्याकाळी सांगितलं की ह्यात तुमचं घराणं नाहीच. चूक माझीच होती हो. पण त्या दोन वर्षांत समोरच्या एकालाही त्या पानाकडे बघून ‘अहो, हा आमचा तालुकाच नव्हे’ एवढं म्हणता आलं नाही, ह्याचा राग अजून जात नाही. पान प्रत्येक अर्जाला जोडलेलं होतं!

ते म्हणाला एक निवृत्त सर्कल (महसूल खात्यातला मंडळ अधिकारी), एसटी स्टँडवर, चहा पिता पिता. विजयदुर्ग हा तेव्हा तालुका होता. पुढे त्याचा देवगड झाला. तसंच सुवर्णदुर्ग म्हणजे आजचं दापोली. आणि देवगड, मालवण, वेंगुर्लं हे सगळं १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. सावंतवाडी त्या काळात संस्थान, ती आणखी निराळी. म्हणजे तुमच्या पानावरची ‘रत्नागिरी’ बाणकोटच्या खाडीपासून पार वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही असू शकते. मधला रकाना नीट वाचा, मोठा करून, उजेडात. ‘मुंबई’ लिहिलेलं दिसलं तर ते बहुधा बंदर, गाव नव्हे.

गाव सापडलं तरी हुरळून थेट सातबारा मागू नका. मी मागितला आणि भावकीत बोंब झाली की मोरसवाले जमिनीत हिस्सा मागायला आलेत. ज्या काकांनी आदल्या दिवशी सोलकढी पाजली त्यांनी दुसऱ्या दिवशी दार उघडलं नाही. आधी गुरवाला भेटा, ग्रामदेवतेच्या मानपानात कुठल्या घराची पाळी बंद पडली ते विचारा. आमच्याकडे देवळात एक नारळ अजून ‘परदेशी गेलेल्याचा’ म्हणून ठेवतात. कुणाचा ते ठेवणाऱ्याला माहीत नव्हतं. कायद्याचं मला फारसं कळत नाही, हक्काबिक्काचा प्रश्न निघाला तर वकिलाला विचारा.

जातीच्या रकान्यावरून मात्र काही ठरवू नका. ज्याने जे सांगितलं, लिहिणाऱ्याला जे ऐकू आलं, ते तिथे आहे.

पानाचा तो मधला रकाना कापून इथे टाका, नंबर झाकून टाकलात तरी चालेल. वाचून बघतो. रविवारी नको, कलमांना खत घालायचं आहे.